कुंकू लागलेला कॅमेरा

२१ सप्टेंबर, रविवार. जऊळका

पित्रपंधरवडा संपला एकदाचा. दर साली हेच. वर्षभर ज्यायले बापाची आठवण येत नाही ते या दिवसांत वाशीमच्या माझ्या स्टुडिओत येऊन उभे राहतात. "दिलीपभाऊ, आधार कार्डावरचा मोठा करून द्या, जेवण उद्याच आहे." टिकलीएवढ्या फोटोतून बाप कसा काढू बाप्पा मी? टोपी जोडली, कोट घातला, मागे ढग टाकले. परवाचा एक फोटो पाहून सुनंदानं विचारलं, "हा कोण मंत्री होता वो?"

बायको हसते. माझे डोळे गेले, पाठ गेली.

अन् घराच्या कोपऱ्यात त्या दोन पेट्या. काळ्या, कडेले रबर, आत पाणी जात नाही. मॅडमनं पाठवल्या. मॅडम म्हणजे रिठदची वैशाली. तिच्या भावाच्या लग्नाचा अल्बम मीच केलता, आता मोठी शास्त्रज्ञ झाली. दक्षिण ध्रुवाकडे बर्फात जे उघडे खडक आहेत त्यावर दगडफूल वाढते, त्याचे अगदी जवळून फोटो पाहिजे, रोज त्याच जागेवरून. तिचा पहिला फोटोग्राफर ऐनवेळी फिरला. मी सोयाबीनवरच्या अळ्यांचे फोटो काढलेले तिनं पाहिले होते. फोन आला. हाव म्हटलं. घरात कोणालेच विचारलं नाही.

सुनंदा: "दगडफुलासाठी इतक्या दूर? किराण्यात भेटते ना, मसाल्याच्या पुडीत."

डिसेंबरात निघायचं, मार्चात वापस. सामान जहाजानं आधी जाईल, म्हणून पेट्या दिवाळीच्या आत बंद करून द्यायच्या. अख्खी उमर लग्नं काढली. नवरीचे हात, नवरदेवाचा घाम, मामाचा रुसवा. एकदा तरी असं काही पाहावं ज्याले "जरा इकडे पाहा" म्हणावं लागत नाही. बस, इतकंच.

बाबा आज जेवताना म्हणते, "साऱ्या गावाचे बाप भितीवर लावले, आता चाल्ला दगडाचे फोटो काढाले." म्हटलं, तुमी बसा एकदा खुर्चीवर, तुमचाही काढतो. ताट अर्धं ठेवून उठले.

फोटोग्राफरचा बाप, अन् त्याचा एक फोटो नाही. माझ्या लग्नात फेट्याचं टोक तोंडावर धरून उभे होते. आधारवर आहे, पण तो त्यायच्या हिशोबात नाही. "थो सरकारचा." कारण विचारलं की ठरलेलं उत्तर: "भितीवर लावाले फोटोच नाई तं मरू कसा? यम येईन, पाहीन, तयारी नाई म्हनीन, जाईन वापस." मायच्या फोटोच्या बाजूले खिळा रिकामा होता. सुनंदानं त्यावर कॅलेंडर लावून टाकलं.


२४ सप्टेंबर, बुधवार

पाऊस. अंगाले चिकट. अन् मले पाहिजे थंडी. मॅडम म्हणते, सामान आधी थंडीत वापरून पाहा. वाशीमात थंडी कुठून आणू?

रफिकभाई. बसस्टँडसमोर त्याचं आइसक्रीमचं दुकान, मागच्या खोलीत मोठा डीप फ्रीजर. माझ्या दोनातला जुना कॅमेरा पिशवीत घालून कुल्फीच्या डब्यांमध्ये ठेवला. रफिकभाई हात मागे बांधून पाहत होता. "दिलीपभाऊ, पिस्ता लगाऊं क्या इसपे?"

दुपारी काढला. बॅटरी सकाळी भरून ठेवलेली, पार मेली. अन् बाहेरच्या दमट हवेत आला तसा कॅमेऱ्याले घाम फुटला. काचेवर, बटनांवर, सगळीकडे पाणी. पुसलं तर अजून. रफिकभाईनं गल्ल्यावरचा रुमाल देल्ला.

मग मॅडमले फोन. म्हणे, थंडीतून आत आणायच्या आधी पिशवीचं तोंड बंद करायचं, मग घाम पिशवीले येते, कॅमेऱ्याले नाही. अन् बॅटऱ्या अंगाशी ठेवायच्या, बनियनच्या आत. आधी सांगायचं ना बाई.


२८ सप्टेंबर, रवि.

दिवसभर फोम कापला. कॅमेरा ठेवला की लेन्स बसत नाही, लेन्स बसवली की ट्रायपॉडचं डोकं वर येते. पेटी बंद केली, उघडली, बंद केली. कंबर धरली.

दोन कॅमेरे न्यायचे, एक बिघडला तर दुसरा. जवळून काढायची लेन्स, एक मोठी, एक साधी. रिंग लाइट. काचा पुसायचे कपडे. बॅटऱ्या जहाजात चालत नाहीत, त्या माझ्या हातच्या बॅगेत.

बॅटऱ्या अंगावर ठेवायच्या म्हटल्यावर सु.नं बाबांचा रेल्वेतला गरम कोट काढला. बाबा गँगमन होते, थंडीत रूळ पाहत फिरायचे, तेव्हाचा. कसरीनं खाल्लेला. त्याच्या चिंध्यांतून तिनं लहान लहान खिसे शिवले, गळ्यात अडकवायले नाडी. बाबांना विचारलं का, म्हटलं. म्हणते, त्यायनंच देल्ला.

बाबा ओसरीवर होते. म्हटलं, कोट कापला तुमचा. "कापू दे. जऊळक्यात कोनती थंडी पडते आता."


१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

डोकं फुटायची वेळ आली आहे.

आज हत्यारांची पूजा. दर साली बाबा करतात. त्यायचा जुना पाना, हातोडा, कोयता, सु.ची शिलाई मशीन, अन् माझे कॅमेरे. पेटीत भरायच्या आधी साफ करून मी दोन्ही कॅमेरे पाटावर मांडले होते. दुसऱ्याचं झाकण वाळत ठेवलं होतं, म्हणून समोरून उघडाच. हळदकुंकू घेऊन बाबा आले. मी नारळ आणायले आत गेलो.

वापस आलो तर बाबांनी कुंकू पाण्यात कालवून बोट बुडवलं अन् नेमकं कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात, आतल्या सेन्सरच्या काचेवर लावलेलं. वरून अक्षता. दोन दाणे आत.

"बाबा! काय केलं हे?"

"तोंडाले लावलं. सगळ्याइले बाहेरून लावतो, याचं तोंड उघडं होतं."

मी लय बोललो. सणाच्या दिवशी बोलायले नको ते बोललो. "सत्तर पावसाळे पाह्यले, एवढं समजत नाही काय?" असं काहीबाही. सु. म्हणे, अहो हळू. बाबा पाटासमोर तसेच बसून राहिले, बोट पुढे धरून, कुंकवाचं. मग धोतराले पुसलं.

नंतर कापसाच्या काडीनं पुसून पाहिलं. पसरलं.


२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

त्या कॅमेऱ्यानं भिंतीचा फोटो काढून पाहिला. वर, मधोमध, एक लालसर ठिपका. फोकस बदलला, लेन्स बदलली, तिथंच. नागपूरच्या दुरुस्तीवाल्याले फोन केला, म्हणे काच बदलायले महिन्याच्या वर लागेल, सामान मागवावं लागते. म्हणजे जहाज निघायच्या आत होत नाही. एकच कॅमेरा जाईल.

मॅडमले सांगितलं कॅमेरा खराब झाला. कशानं, ते नाही सांगितलं.

संध्याकाळी सोनं द्यायले बाबांच्या पाया पडलो. त्यायनं आपट्याचं पान माझ्या हातात ठेवलं, म्हणे, "दुरुस्त होते काय बे थो?" म्हटलं, होते. "मंग बोंबलत काहून होता इतका?"

रागही येते अन् हसूही. काल बोललो ते काल बोलायले नको होतं.


५ ऑक्टोबर, रवि.

दुपारी मॅडमचा फोन. मी फोम कापत होतो, म्हणून स्पीकरवर ठेवला. चूक झाली.

ती सांगत होती, एकदा तिकडे पोचलं की मधातून वापस येणं नाही. विमान त्यायच्या वेळेनं अन् हवेच्या मर्जीनं. "घरी काही झालं तर फोन लागेल सर, पण येता येणार नाही. घरी नीट बोलून घ्या." सर म्हणते मले. मी तिच्या भावाच्या लग्नात जेवलो नव्हतो तर हिनंच ताट आणून देल्लं होतं.

बाबा बाजूलेच सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला, मग चालू झाला. फोन ठेवल्यावर इतकंच विचारलं, "तिथं झाडं नसतात काय?" नाही म्हटलं. "मंग लाकडं कुठून आनतात?"

कशाले लाकडं, ते नाही विचारलं मी.


९ ऑक्टोबर, गुरुवार

बाबांचे पाय सुजलेले. सु.नं दाखवलं, मले दिसलं नव्हतं. मी पेट्यांत तोंड घालून. बोट दाबलं की खड्डा राहते. स्टेशनच्या पायऱ्या चढताना दोनदा बसले म्हणे, पोस्टातल्या माणसानं पाहिलं. घरी बोलले नाहीत.

अकोल्याले नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण, बोलायले चांगला. हृदय थकलं म्हणे, पंप जोर लावत नाही. या वयात चिरफाड नको. गोळ्या, मीठ बंद, जपा. बाबांना बाहेर बसवून मी विचारलं, मार्चपर्यंत? तो म्हणे, "तसं कोणी सांगत नसते हो. दोन वर्षंही जातील. उद्याही..."

गाडीत बाबा: "काय म्हने डॉक्टर?"

"जपा म्हणे."

"मले का तुले?"


१० ऑक्टो.

झोप नाही. भाजीत मीठ नव्हतं, सगळ्यायच्याच.


१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी पहिली पेटी उघडून सामान बाहेर काढायले घेतलं. लेन्सा सतरंजीवर मांडल्या. सु. दारात उभी. "ठरवलं काय?" म्हटलं, हाव, कळवून टाकतो मॅडमले, दुसरा पाहा म्हणून. ती लाइटचं वायर गुंडाळायले लागली. बरं वाटलं तिले, दिसलं मले. मलेही वाटलं थोडंसं. अन् मग असं वाटलं की इथंच सतरंजीवर आडवं पडावं अन् उठूच नये. पन्नाशीले आलो. आता परत कोण बोलावते?

बाबा आले. सतरंजीकडे पाहिलं.

"काहून काढून राह्यला हे?"

"नाही जात मी."

"काहून?"

"असंच."

"माह्या नावावर नोको टाकू. तुले भेव लागते म्हून सांग."

मीही तापलो. म्हटलं, तुमची तब्येत पाह्यली काय? मी तिकडे, अन् इकडे काही झालं तर अग्नी कोण देईन?

बाबा खाटेवर बसले, दम खाल्ला. मग म्हणे, "तू झाला तवा पुरानं रूळ वाहून गेलते. आमी सारे पान्यात. तुही माय इकडे बाळंत, अन् मी तिकडे गिट्टी टाकून राह्यलो. तिसऱ्या दिवशी पाह्यलं तुले. कोनी सुट्टी देल्ली काय मले? अन् मी नाई आलो म्हून तू जन्माले यायचा थांबला काय?"

सु.ले हसू फुटलं. तोंडाले पदर लावून आत गेली, आत रडत होती.

बाबा: "भर वापस. नीट भर. अन् त्या मोठ्या काचेखाली कापूस घाल, हे स्पंज काही खरं नाई."

दिवसभर परत भरलं. मोठ्या लेन्सखाली कापूस घातला. खरंच बरी बसली.


१५ ऑक्टोबर, बुध.

ट्रान्सपोर्टची गाडी आली. वाशीमातून पेट्या गोव्याले, तिथून पुढे. स्टुडिओतून न नेता घरूनच दिल्या, बाबांना पाहायचं होतं. दोन्ही पेट्यांचे खटके लावले, वरून पट्टे आवळले. ड्रायव्हर पट्टा ओढत म्हणे, "काय आहे वो, टाइमबॉम्ब?" बाबा म्हणे, "माह्या पोराचं हत्यार आहे, आपटू नोको."

गाडी स्टेशनच्या वळणावरून गेली. बाबा हात वर करून उभे होते, रेल्वेत हिरवा झेंडा दाखवायचे तसे. दम लागला होता पण खाली बसत नव्हते.

मले आनंद व्हायले पाहिजे होता. झोप आली नुसती.


१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

हात मोकळे. सवय नाही. स्टुडिओत बसून राहतो, आला कोणी तर पासपोर्टचे फोटो मोबाइलवर काढतो. तुळशीच्या लग्नानंतरची सगळी लग्नं रिसोडच्या ओळखीच्या पोट्ट्याले देऊन टाकली. रफिकभाई येऊन बसते. म्हणते, "तू चला जा, अब्बा को मैं देखूंगा. डॉक्टर, दवा, गाडी, सब." मी म्हटलं, भाऊ, त्याची काळजी नाही. "फिर?" मी दोन चहा सांगितले.

कुंकवाचा कॅमेरा स्टुडिओच्या कपाटात. नागपूरले पाठवायचा राहिलाच. बॅटऱ्या एकेक चार्जिंगले लावतो, काढतो. तेवढंच काम उरलं.

बाबांची सूज उतरली थोडी. चेहरा मात्र लहान झाला आहे, गालांत हवा नाही. लग्नाच्या फोटोत मी असे चेहरे बाजूच्या लाइटनं भरतो. घरात चालता चालता हे डोक्यात येते, मग मीच माझ्यावर चिडतो.


२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

आज झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

सु.नं सकाळी ओवाळलं. मी अर्धा दिवस म्हणून स्टुडिओ उघडला. अकराच्या सुमारास काचेचं दार ढकलून बाबा आत. एकटे. जऊळक्याहून गाडीत बसले अन् आले. सु.ले देवळात जातो म्हणून सांगितलं. दाढी केलेली, पांढरा सदरा, टोपी नवी. घामानं सदरा पाठीले चिकटलेला. पाणी देल्लं. पिऊन झाल्यावर सरळ आतल्या खोलीत गेले अन् पडद्यासमोरच्या स्टुलावर बसले. जिथं मी साऱ्या तालुक्याले बसवलं, तिथं.

"काढ."

"काय?"

"काय म्हनते बे, फोटो. काढ आता. तू तिकडे, अन् इकडे काही झालं, तं सून बिचारी आधारचा मोठा करत बसन. वरतून तुह्यासारखा कोनी ढग टाकीन. मले ढग नोको."

टोपी सरळ केली. हात मांडीवर ठेवले, मग काढून छातीशी बांधले, मग परत मांडीवर. लोकांना मी सांगतो हात कुठं ठेवायचे.

मले कळलं त्यायनं काय आणून देल्लं होतं. जा म्हणत होते. मले मोकळं करत होते. जो फोटो सारी उमर देल्ला नाही, तो घेऊन पायऱ्या चढून आले.

म्हटलं, "कॅमेरा गेला ना बाबा. जहाजात."

त्यायनं खोलीभर पाहिलं. टेबलावर चार्जर, त्यात बॅटरी, हिरवा दिवा लागलेला. मग कपाट. काचेतून दिसत होता.

"अन् थो?"

"तो बिघडला ना. तुमीच नाही काय कुंकू लावलं."

"म्हंजे काय होते त्यानं?"

"लाल ठिपका येते. वर, मधात."

"बसलेल्या मानसाच्या कुठं येते?"

मी कपाटाकडे पाहिलं.

"कपायावर येत असन," म्हणे. "मंग तं बरंच झालं. पुसा लागत नाई, लावा लागत नाई."

असे हसले. दात नाहीत, तरी पूर्ण हसले. लाइट लावायची गरज नव्हती, दारातून ऊन येत होतं अर्ध्या तोंडावर. इतकी वर्षं मी लोकांकडून जे काढून घ्यायचा प्रयत्न करतो ते समोर बसलं होतं. कपाट दोन पावलांवर.

म्हटलं, "नाही जमत. मार्चात काढू. आल्यावर. चांगल्या कॅमेऱ्यानं."

मी चार्जरचं वायर सरळ करत होतो.

"मार्चात."

"हाव."

"म्हंजे मले मार्चापर्यंत बसा लागन."

"बसा ना मग."

"लय बोलायले शिकला बे तू." उठताना माझा खांदा धरला, जोरात. मग म्हणे, रफिकच्या दुकानातून काही थंड आण, मीठ नसते नं त्यात.

रफिकभाईनं कुल्फी स्वतः आणून देल्ली. पिस्त्याची. बाबांनी दोन खाल्ल्या. संध्याकाळच्या गाडीनं दोघं सोबत घरी आलो. सु. दारात, रागानं लाल. कुठल्या देवळात गेलता म्हणे, दिवसभर?


२६ ऑक्टोबर, रवि.

कुंकवाचा कॅमेरा घरी आणला. नागपूरले नाही पाठवत. दुपारी बाबा झोपलेले होते तेव्हा सु.ले खोलीत बोलावलं, दार लावलं. बॅटरी घालून देल्ली. कुठलं बटन, कुठून पाहायचं, खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं, ते सगळं दाखवलं. तिनं कॅलेंडरचा एक फोटो काढला. पहिलाच, तरी बरा आला. ठिपका तारखांच्या वर.

"कधी काढू?" तिनं विचारलं.

म्हटलं, ते म्हटले तर. मी गेल्यावर. आपण होऊन विचारायचं नाही.

ती कॅमेरा पदरात गुंडाळून कपाटात ठेवायले निघाली. मी थांबवलं. बॅटरी काढून घेतली अन् कोटाच्या खिशात घालून हातच्या बॅगेत टाकली, बाकीच्यांसोबत.

"काहून काढली वो? मग मी फोटो कसा काढू?"

तिकडे थंडीत लवकर संपतात, म्हटलं, एक जास्त असलेली बरी.